आत्या टीबीने गेली

आमच्या घरात एक स्टीलचा पेला आहे. त्यावर नाव घातलेलं आहे, भांड्यांच्या दुकानात मशीनने ठिपक्याठिपक्यांचं घालून देतात तसं. नाव आत्याचं, सासरचं. या पेल्यातून पाणी प्यायचं नाही, एवढं मला लहानपणी माहीत होतं. का, हे विचारायचं नाही हेही माहीत होतं. ते कुणी सांगितलं नव्हतं, पण मुलांना अशा गोष्टी कळतात.

आत्या १९९८च्या पावसाळ्यात गेली, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. रास्ता पेठेतल्या आमच्या वाड्यात मागच्या खोलीत ती शेवटची दोन वर्षं राहिली. मला तिचा खोकला आठवतो आणि त्या खोलीच्या कायम बंद असलेल्या खिडक्या आठवतात. पुढे कुणीही विचारलं, "कशानं गेली हो?" की आजी म्हणायची, "टीबीने." हे उत्तर इतकं ठरलेलं होतं की त्यात काही विचारण्यासारखं असेल, असं मला कधी वाटलंच नाही.

मग २०२०चा एप्रिल आला. तुम्हालाही आठवत असेल, रोज संध्याकाळी टीव्हीवर सरकारची पत्रकार परिषद लागायची. आयसीएमआरतर्फे एक शांत चेहऱ्याचे मराठी डॉक्टर बोलायचे, डॉ. रमण गंगाखेडकर. एके दिवशी बाबा म्हणाले, "हे आपल्या भोसरीचे. एड्सवाले."

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"तेव्हा पेपरात नाव यायचं यांचं," बाबा म्हणाले आणि गप्प झाले. थोड्या वेळाने आतून एक फाइल घेऊन आले. आत्याची. पिवळे पडलेले केसपेपर, दोन एक्स-रे, आणि एका रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड. त्यावर निदान लिहिलं होतं: मानेतल्या गाठींचा क्षय, मेंदूच्या आवरणाचा क्षय. खाली कोपऱ्यात इंग्रजीत एकच शब्द होता, इम्युनोकॉम्प्रमाइज्ड. म्हणजे प्रतिकारशक्ती ढासळलेली. कशामुळे ढासळली, ते कागदावर कुठेच नव्हतं. ते डॉक्टरांनी बाबांना व्हरांड्यात तोंडी सांगितलं होतं. बाबांनी ते आजोबांना सांगितलं, आजोबांनी आजीला, आणि तिथे ते थांबलं. बावीस वर्षं.

आत्या टीबीने गेली हे खोटं नव्हतं. पण ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं शोधायला गेलो तेव्हा लक्षात आलं की ही फक्त आमच्या घराची गोष्ट नाही. ती या शहराचीही आहे.

मुकादम नसलेलं काम

'इम्युनिटी' हा शब्द आता आपण चहात आलं टाकावं तितक्या सहज वापरतो. काढा, गुळवेल, च्यवनप्राश, गोळ्या, सगळ्यांच्या जाहिरातीत ती 'वाढत' असते. जणू शरीरात एक बॅटरी आहे आणि ती चार्ज करता येते. प्रत्यक्षात प्रतिकारशक्ती हे अनेक पेशींनी मिळून करायचं काम आहे, आणि त्यातला एक जरी गडी गेला तरी सगळं काम अडतं.

एचआयव्ही ज्या पेशींना गाठतो त्या 'सीडी-४' पेशी या कामावरच्या मुकादमासारख्या असतात. मुकादम स्वतः फावडं फारसं मारत नाही. पण कुठे खणायचं, किती माणसं लावायची, हे तो सांगतो. तो नसेल तर माणसं हजर असूनही काम होत नाही. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्हीची लागण झाल्यावर उपचार नसतील तर त्या वर्षानुवर्षं हळूहळू कमी होत जातात. या काळात माणूस चालतो-फिरतो, नोकरी करतो, संसार करतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

मग पाहुणे यायला लागतात. वैद्यकीय भाषेत त्यांना संधिसाधू संसर्ग म्हणतात. नागीण आणि क्षय बऱ्याचदा आधी येतात. जिभेवर पांढरा थर धरणारी बुरशी येते. पेशी २००च्या खाली गेल्या की 'न्यूमोसिस्टिस' नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया होऊ शकतो. १००च्या खाली मेंदूला गाठणारे टॉक्सोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकॉकस. ५०च्याही खाली गेल्या तर डोळ्यांच्या पडद्यावर हल्ला करणारा सायटोमेगॅलो विषाणू. यातले बरेचसे जंतू आपल्या हवेत, मातीत, तुमच्या-माझ्या अंगातही असतात. धडधाकट माणसाला ते सहसा आजारी पाडू शकत नाहीत.

एड्सची जगाला पहिली चाहूल लागली तीही अशा पाहुण्यामुळेच. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या साप्ताहिक अहवालात एक छोटी नोंद आली: लॉस एंजेलिसमध्ये पाच तरुण पुरुषांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया झाला आहे. इतक्या धडधाकट वयात हा आजार होतच नाही, मग यांना कसा झाला? विषाणू सापडायला १९८३ उजाडलं. आधी पाहुणे दिसले, मग दार उघडं असल्याचं कळलं.

भारतात मुख्य पाहुणा ठरला तो क्षय. आपल्याकडे दर तीन प्रौढांपैकी साधारण एकाच्या शरीरात क्षयाचा जंतू असतो. बहुतेकांना तो आयुष्यभर काही करत नाही, कारण पेशींनी त्याच्याभोवती कडं करून त्याला नजरकैदेत ठेवलेलं असतं. अशा माणसाला उभ्या आयुष्यात क्षय होण्याची शक्यता ५ ते १० टक्के. त्यालाच एचआयव्ही असेल आणि उपचार नसतील, तर ही शक्यता दर वर्षाला सुमारे १० टक्क्यांवर जाते. मुकादम गेले की कडं सुटतं.

आणखी एक मेख आहे. क्षयात फुप्फुसाला पोकळ्या पडतात त्या बऱ्याच अंशी शरीराच्या प्रतिकारामुळे. प्रतिकारच नसेल तर पोकळ्या पडत नाहीत, थुंकीत जंतू कमी येतात आणि तपासणीत 'काही नाही' असं येतं. आत्याच्या फाइलमध्ये थुंकीच्या तपासणीचे दोन कागद आहेत. दोन्हींवर 'निगेटिव्ह'. तिसऱ्या कागदापर्यंत क्षय मानेच्या गाठींत होता. त्याआधीच्या वर्षी तिला कमरेला नागीण झाली होती. आजीने त्यावर लेप लावला होता. लेप चुकीचा नव्हता. पण तिशीतल्या बाईला नागीण का व्हावी, हा प्रश्न कुणीच विचारला नाही.

चेन्नईची गायतोंडे, पुण्याची 'नारी'

भारतात एड्स येणारच नाही, असं ऐंशीच्या दशकात अनेकांना मनापासून वाटत होतं. आपले संस्कार, आपली कुटुंबव्यवस्था वगैरे. हा समज मोडला तो १९८६मध्ये चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन यांनी सेल्लप्पन निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी हा विषय दिला. निर्मला यांनी शहरातल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि बर्फाच्या डब्यातून रात्रीच्या रेल्वेने वेल्लोरला तपासायला नेले. त्यातल्या सहा नमुन्यांत एचआयव्ही निघाला. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी एचआयव्हीबाधितांसाठी जे केंद्र काढलं, त्याला वडिलांचं नाव दिलं: वाय. आर. गायतोंडे केंद्र.

ज्यांचं रक्त तपासलं त्या स्त्रियांना मात्र लोकांनी एकच भूमिका दिली, आजार पसरवणाऱ्यांची. त्यांना तो कुणी दिला, हा प्रश्न मागे पडला. विषाणू भारतात सापडला त्याच दिवसापासून एक रेघ ओढली गेली. अलीकडे 'तसल्या' बायका, पलीकडे घरच्या.

पुण्यात ही रेघ नकाशावर दाखवता येते. अप्पा बळवंत चौकात तुम्ही पुस्तकं घ्यायला गेला असाल, तुळशीबागेत कानातली घेतली असतील, दगडूशेठला हात जोडले असतील. बुधवार पेठेतली ती वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर आहे. पुणेकर त्या बाजूला न बघता चालायला लहानपणीच शिकतो. मीही शिकलो.

ऑक्टोबर १९९२मध्ये आयसीएमआरने भोसरीच्या एमआयडीसीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू केली. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून तिचं नाव झालं 'नारी'. हे नाव पुढे किती खरं ठरणार आहे, हे ठेवणाऱ्यांना तेव्हा ठाऊक नसावं. आता संस्थेचं नाव बदललं आहे, पण जुने पुणेकर अजून नारीच म्हणतात.

आत्याचं लग्न १९८९चं. आतोबा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. त्यांच्या खोलीपासून नारीपर्यंत चालत अर्धा तास लागला असता. १९९५मध्ये आतोबा गेले. कावीळ झाली, असं सांगितलं गेलं. वर्षभराच्या आत सासरच्यांनी आत्याला आमच्याकडे आणून सोडलं. पांढऱ्या पायाची, असं तिची सासू आजीला दारात म्हणाली होती. ज्या माणसापासून आजार आला तो निर्दोष गेला, आणि ज्या बाईपर्यंत तो पोचला तिच्या पायांना रंग लागला.

३९१ जणी

मे १९९३पासून नारीच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत एक मोठा अभ्यास सुरू केला. तिथे येणाऱ्यांची, त्यांच्या संमतीने, एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन व्हायचं. जुलै १९९६पर्यंत तिथे आलेल्या ९१६ स्त्रियांची माहिती गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९९७मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापली.

९१६पैकी ५२५ स्त्रिया देहविक्री करणाऱ्या होत्या. त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण ४९.९ टक्के निघालं. म्हणजे दोघींतली एक. आकडा भीषण होता, पण अनपेक्षित नव्हता. धक्का होता तो उरलेल्या ३९१ जणींत. या देहविक्री न करणाऱ्या स्त्रिया. बहुतेक विवाहित, आणि नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यात हे प्रमाण १३.६ टक्के होतं. त्यांच्यासाठी धोका कशात होता? गुप्तरोग असलेल्या जोडीदाराशी आलेल्या संबंधात. सोप्या मराठीत, नवऱ्यात.

इथे एक काळजी घ्यायला हवी. याचा अर्थ पुण्यातल्या दर सात बायकांमागे एकीला एचआयव्ही होता असा नाही. या स्त्रिया गुप्तरोगाच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात आल्या होत्या, म्हणजे आधीच धोक्यात होत्या. पण हा आकडा जे सांगत होता ते स्पष्ट होतं. विषाणूला पेठेच्या सीमारेषा कळत नव्हत्या. रेघेच्या दोन्ही बाजूंना रोज ये-जा करणारा एक माणूस होता, आणि त्याच्याकडे बोट दाखवायची कुणाला सवय नव्हती.

आत्या त्या ३९१ जणींत असेल असं मला वाटत नाही. असल्या दवाखान्याची पायरी ती एकटी चढलीच नसती. आणि मला राहून राहून वाटतं, अशा किती असतील ज्या कुठल्याच आकड्यात आल्या नाहीत? कावीळ, टीबी, मेंदूज्वर, 'खंगून गेली', अशा नावांखाली गेल्या. प्रतिकारशक्ती गेल्याने मरणारा माणूस शेवटी दुसऱ्याच कशाने तरी मरतो, हा या आजाराचा स्वभावच आहे. त्यामुळे तो लपवायला सोपा जातो. घराला खोटं बोलावं लागत नाही. अर्धं सांगितलं की पुरतं.

इतिहासाने या काळात आणखी एक गंमत केली, कडवट गंमत. सांगलीत १९९२पासून मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेबरोबर देहविक्री करणाऱ्या स्त्रिया काम करत होत्या. त्यातून पुढे त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. पुण्यात बुधवार पेठेत 'सहेली संघ' उभा राहिला. या बायका एकमेकींना निरोध वापरायला शिकवत होत्या. गिऱ्हाईक तयार नसेल तर त्याला परत पाठवायचं, आणि शेजारणीनेही त्याला घ्यायचं नाही, एवढी एकी त्यांनी प्रयत्नाने जमवली. सोपं नव्हतं ते. पण त्यांना 'नाही' म्हणण्याची एक जागा तयार झाली.

माझ्या आत्याला ती जागा नव्हती. लग्न झालेल्या बाईने नवऱ्याला निरोध वापरायला सांगायचं म्हणजे एक तर त्याच्यावर संशय घ्यायचा किंवा स्वतःवर ओढवून घ्यायचा. रेघेच्या अलीकडच्या बायकांची संघटना झाली. पलीकडच्या एकेकट्याच राहिल्या, आपापल्या खोलीत, मंगळसूत्र हेच संरक्षण समजून.

औषध होतं, पण

आत्या गेली तेव्हा या आजारावर औषध नव्हतं, असं मी धरून चाललो होतो. ते चूक आहे, आणि हे कळलं तेव्हा मला सर्वांत जास्त त्रास झाला.

१९९६पर्यंत हे सिद्ध झालं होतं की तीन औषधं एकत्र दिली तर विषाणू दबतो, सीडी-४ पेशी पुन्हा वाढतात आणि माणसं अंथरुणातून उठून कामाला लागतात. फक्त त्याचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होता. तेव्हाच्या हिशेबाने तीन-चार लाख रुपये. रास्ता पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात वर्षाला तीन लाख हा आकडा उच्चारलाही गेला नसता.

किंमत खाली आली ती मुंबईमुळे. १९७०च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळायचं. त्यामुळे आपल्या कंपन्या तीच औषधं वेगळ्या पद्धतीने बनवू शकत होत्या. फेब्रुवारी २००१मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. साधारण १६ हजार रुपये. जगभरातल्या किमती त्यानंतर कोसळल्या. १ एप्रिल २००४पासून भारत सरकारने महाराष्ट्रासह सहा राज्यांत ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. पुढे ससूनमध्येही त्याचं केंद्र झालं.

आत्याला सहा वर्षं कमी पडली.

त्या मधल्या वर्षांत पुण्यात मोलाचं काम होत होतं. ससूनशी जोडलेल्या बी. जे. मेडिकल कॉलेजात एचआयव्ही असलेल्या मातांच्या बाळांवर अभ्यास चालू होता. अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मानंतर सहा आठवडे नेव्हिरॅपिन दिलं तर आईच्या दुधातून होणारी लागण टाळता येते का, हा प्रश्न होता. पुणे, इथिओपिया आणि युगांडा अशा तीन ठिकाणचे निष्कर्ष २००८मध्ये प्रसिद्ध झाले आणि बाळांना जास्त काळ औषध द्यायच्या धोरणाला त्यांनी आधार दिला. याच मातांपैकी ७१५ जणींचा, २००२ ते २००५ या काळातला, आणखी एक हिशेब मांडला गेला. बाळंतपणानंतर त्यातल्या २४ जणींना क्षय झाला. ज्यांना झाला त्यांच्यात आईच्याच नव्हे, बाळाच्याही मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. क्षय आणि एचआयव्ही यांना वेगवेगळ्या खिडक्यांवर तपासून भागणार नाही, दोन्ही एकत्रच शोधायला हवेत, हे पुण्याच्या बाळंतिणींनी दाखवून दिलं.

मग २०११. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक अभ्यास झाला. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. अर्ध्यांना लगेच औषध सुरू केलं, अर्ध्यांना पेशी कमी झाल्यावर. भोसरीची नारी या अभ्यासाचं एक केंद्र होती, चेन्नईचं गायतोंडे केंद्र दुसरं. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचं २८ जणांमध्ये सिद्ध झालं, आणि त्यातला फक्त एक लवकर औषध मिळालेल्या गटातला होता. म्हणजे औषध घेणारा स्वतः तर वाचतोच, आणि त्याचा जोडीदारही वाचतो. आज हे आणखी पक्कं झालं आहे: नियमित औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला की लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही. २०१७पासून भारतात एचआयव्ही निघाला की पेशी किती आहेत याची वाट न बघता औषध सुरू होतं. मोफत.

ज्या शहराने १९९७मध्ये सांगितलं की घरातली बायको धोक्यात आहे, त्याच शहराने तिला वाचवायचा मार्ग शोधायलाही हातभार लावला. हे मला अभिमानाने सांगायचं आहे. आणि त्याच शहरात, अर्ध्या तासाच्या अंतरावर, आत्याला यातलं काहीच कळलं नाही, हेही.

पेला

आता पुन्हा पेल्याकडे येतो.

एचआयव्ही पेल्यातून पसरत नाही. उष्टं खाल्ल्याने, कपडे एकत्र धुतल्याने, मिठी मारल्याने पसरत नाही. फुप्फुसाचा क्षय पसरतो, पण हवेतून, भांड्यांतून नव्हे. म्हणजे आत्याचा वेगळा पेला, वेगळं ताट, दाराबाहेरच्या दोरीवर वाळणारं वेगळं पांघरूण, यातल्या कशानेही कुणाचं रक्षण झालं नाही. खरोखर उपयोगी पडली असती ती एकच गोष्ट, उघड्या खिडक्या. हवा खेळती असली की क्षयाचा धोका कमी होतो. पण खिडक्या बंद होत्या, कारण खोकल्याचा आवाज वाड्यात जाऊ द्यायचा नव्हता. जे करून काही होणार नव्हतं ते आम्ही नेमाने केलं, आणि जे करायला हवं होतं ते लाजेपायी टाळलं.

मी आजीला दोष देत नाही. तिनेच रात्र रात्र जागून आत्याचं सगळं केलं. पांघरुणं उकळत्या पाण्यात बुडवताना तिचे हात पोळायचे. तिला कुणी काही नीट समजावून सांगितलंच नव्हतं. पुण्यात तेव्हा समजावणारे लोक होते. 'प्रयास'सारखी संस्था १९९४पासून आहे. पण अशा दारापर्यंत जायला आधी नाव उच्चारावं लागतं. आमच्या घरात ते उच्चारलं गेलं नाही.

भारतात एचआयव्हीबाधितांच्या हक्कांचा कायदा २०१७मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ला लागू झाला. नोकरी, शाळा, उपचार यांत भेदभाव करायला त्यात बंदी आहे, संमतीशिवाय तपासणी करायला आणि कुणाची माहिती फोडायलाही. पण मी थांबलो ते राहत्या घराबद्दलच्या कलमापाशी. बाधित व्यक्तीला घरात राहण्याचा हक्क आहे, घरातून किंवा घराच्या कुठल्याही भागातून तिला बाहेर काढता येणार नाही, आणि घरातल्या सोयी तिला भेदभावाविना वापरता आल्या पाहिजेत. कायद्याच्या कोरड्या भाषेत 'सोयी' असा शब्द आहे. मी तो वाचला तेव्हा मला पेला दिसला.

सांगायचं कसं

तुमच्यापैकी अनेकांचा जन्म औषध मोफत झाल्यानंतरचा असेल. तुमच्यासाठी एड्स म्हणजे पाठ्यपुस्तकातला एक धडा आणि लाल फीत. तसंच असायला हवं होतं, ती मोठी कमाई आहे. पण देशात आजही साधारण २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि सर्वांत जास्त महाराष्ट्रात. जगभर त्यांचा सर्वांत मोठा मारेकरी अजून क्षयच आहे.

शिवाय प्रतिकारशक्ती फक्त एचआयव्हीने जात नाही. कुणी ती उणी घेऊनच जन्माला येतं. कुणाची कॅन्सरच्या औषधांनी घटते, कुणाची मूत्रपिंड बदलल्यावर घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांनी. २०२१ आठवा. कोविडमधून उठलेल्या माणसांना काळ्या बुरशीने गाठलं, कुणाचे डोळे गेले, कुणाचा जबडा. ती बुरशीही हवेत होतीच, आधीपासून. वाढलेल्या साखरेने आणि स्टेरॉइडने दार उघडलं. म्हणून तरुण माणसाला विनाकारण नागीण झाली, तोंडातला पांढरा थर जाईना, महिनाभर खोकला हटेना, वजन उतरत राहिलं, तर 'इम्युनिटी वाढवायला' काही घेण्याआधी ती कमी का झाली हे विचारा. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गुप्त राहते.

हा लेख लिहिणार असल्याचं बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिही. पण नाव नको."

मी म्हणालो, "एवढ्या वर्षांनीसुद्धा?"

"तिच्या दिराची मुलं आहेत. त्यांची लग्नं व्हायचीत."

म्हणून या लेखात आत्याला नाव नाही. पेल्यावर आहे. तो पेला मी आता कपाटातून काढून स्वयंपाकघरात ठेवला आहे, बाकीच्या पेल्यांत. परवा माझ्या चुलत बहिणीची मुलगी आली होती, नववीत आहे. पाणी पिता पिता तिने नाव वाचलं आणि विचारलं, "ही कोण? आणि कशाने गेली?"

मी तिला सांगितलं. टीबीने गेली. टीबीला वाट करून दिली ती एचआयव्हीने. एचआयव्ही तिला तिच्या नवऱ्याकडून मिळाला. आणि औषध जगात होतं, पण ते परवडण्याजोगं होईपर्यंत ती थांबू शकली नाही.

तिने पेला खाली ठेवला नाही. पाणी संपवलं आणि म्हणाली, "मग असं पूर्ण का नाही सांगत कुणी?"